हेडलीच्या होडीचा मागचा दिवा

हेडली कीपिंगच्या होडीला ट्रेंट स्किनरची बोट मागून धडकली, तेव्हा दिवेलागणीची वेळ होती आणि धुकं इतकं दाट की धक्क्यावर उभं राहिलं तर खालचं पाणी दिसत नव्हतं. नोव्हेंबर महिना. कॉड मासळीचा हंगाम संपत आला होता आणि जो तो उरलीसुरली जाळी उचलायला बाहेर पडत होता. हेडली एकटाच होता, ट्रेंटही त्या दिवशी एकटाच. ट्रेंटची बोट मोठी, भरलेली, जड. होडीचे दोन तुकडे झाले. मागचा तुकडा इंजिनासकट तळाला गेला. ट्रेंटने स्वतः उडी मारून हेडलीला पाण्याबाहेर काढलं, पण आमच्या या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरचं नोव्हेंबरचं पाणी कुणाला वेळ देत नाही. धक्क्यावर आणलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. ट्रेंट त्याच्या शेजारी ओल्या कपड्यांनी बसून होता. त्याला उठवायला तिघं लागले.

माझं दुकान धक्क्यासमोरच आहे. ब्लँकेटं मीच नेली होती, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. पुढचं बरंचसं गारने सांगितलेलं. गार म्हणजे हेडलीच्या बायकोचा, डल्सीचा, थोरला भाऊ. तिच्या शेजारच्याच घरात राहतो.

शहरातून चौकशीची माणसं आली. चर्चच्या हॉलमध्ये बसली, कॉफी प्यायली, ट्रेंटने सांगितलं ते लिहून घेतलं. होडीचा मागचा दिवा बंद होता, मला काही दिसलं नाही, असं ट्रेंट म्हणाला. मागचा तुकडा तर समुद्राच्या पोटात, बघणार काय? धुकं, अंधार, बंद दिवा. अपघात. दोष कुणाचाच नाही. असलाच तर हेडलीचा. तो दफनभूमीत, त्याला कोण काय करणार?

ते 'असलाच तर' डल्सीच्या घशात अडकलं. बाई बुटकी, काटक, सगळा जन्म मासळीच्या कारखान्यात उभी राहिलेली. बोलणं मोजकं. नवऱ्याला बुडालेला मानायला ती तयार झाली, पण निष्काळजी मानायला तयार होईना. "जो माणूस वस्तऱ्यालाही तेल लावून ठेवायचा, तो दिवा न लावता येईल होय?" एवढंच म्हणायची, आणि ताट बाजूला सारायची.

त्या हिवाळ्यात तिला कुणी धरून ठेवलं असेल तर ऊनाने. ऊना म्हणजे ट्रेंटची आई. दोघी शाळेत एका बाकावर, कारखान्यात एका पट्ट्यावर, चर्चमध्ये एका रांगेत. ऊना रोज बर्फ तुडवत यायची. कधी खारवलेला कॉड आणि बटाटे, कधी वाटाण्याचं सूप. ती वाढायची, डल्सी दोन घास चिवडायची, आणि दोघी टिनच्या दुधाचा चहा घेऊन खिडकीपाशी बसायच्या. खाडीच्या पलीकडे समोरच ऊनाचं घर. ट्रेंट तिच्यापाशीच राहायचा. त्याचं नाव दोघींपैकी कुणीही काढायची नाही.

डल्सी मात्र वाळत चालली होती. वसंत येईतो तिच्या अंगावरचा कोट खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला.

एप्रिलच्या अखेरीस मोठं वादळ झालं. वादळानंतर आमच्याकडे बायका-पुरुष किनाऱ्यावर लाकडं वेचायला जातात. डल्सी आणि गार टोकापलीकडच्या कोपऱ्यात गेले, तर तिथे दगडगोट्यांमध्ये हेडलीच्या होडीच्या पाठीमागच्या फळ्या पडलेल्या. हिरवा रंग, त्याने स्वतः दिलेला. इंजिन नव्हतं. पण फळीला दिवा तसाच होता, घट्ट बसलेला, खाली तुटलेल्या तारेची शेपटी.

डल्सीने खिशातून मासे सोलायची सुरी काढली आणि स्क्रू फिरवायला लागली.

"अगं, टाकून दे ते," गार म्हणाला. "मिठाने खाल्लंय सगळं."

"काच कुठे फुटलीय?"

"काच फुटली नाही म्हणून तो काय बोलणार आहे?"

"बोलेल की. मी बोलतं करीन त्याला."

घरी आणून तिने दिवा ओट्यावर ठेवला. झाकण उघडलं. आतलं रबर शाबूत होतं, पाण्याचा थेंब आत गेलेला नव्हता. बल्ब काढून तिने खिडकीसमोर धरला. आतली तार केसासारखी, अखंड. तारेकडची बाहेरची पितळी टोकं हिरवी पडली होती ती तिने व्हिनेगरमध्ये बुडवली, जुन्या ब्रशने घासली, कोमट पाण्याने धुतली, चुलीवरच्या दांडीवर वाळत ठेवली. एखाद्या बाळाला आंघोळ घालावी तसं चाललं होतं, असं गार म्हणतो.

बारा व्होल्टचा तो बल्ब. गारच्या ट्रकची बॅटरी दारात होती, तिच्यावर लावून बघितलं असतं तर क्षणात कळलं असतं. पण गारने ट्रकचं नावच काढलं नाही. आणि डल्सीलाही दारात जायचं नव्हतं. तिला हे सगळं घरात, टेबलावर हवं होतं.

घरोघरी असतो तसा एक खण तिच्याकडेही होता. मेलेल्या फोनांचे चार्जर, कशाकशाचे अडॅप्टर, सगळ्यांच्या वायरींचा गुंता. तिने तो अख्खा खण टेबलावर उलटा केला. पहिला हाती लागला तो फोनचा चार्जर. सुरीने वायर कापली, दातांनी वरचं सोललं, तांब्याची दोन टोकं मोकळी केली.

"कुठली तार कुठे लावू?"

"कुठलीही लाव. साध्या बल्बाला उलटं-सुलटं कळत नाही," गार म्हणाला.

प्लग भिंतीत घातला. बल्बातली तार फक्त लालसर झाली, विझत्या सिगारेटच्या टोकासारखी. प्रकाश म्हणून नाही.

"मेला वाटतं," गार म्हणाला.

डल्सीने चष्मा लावून चार्जरवरचे बारीक आकडे वाचले. "मेला कशाने? हा पाच व्होल्टचा आहे. पाचात बाराचं पोट भरेल का?"

मग तिने ढिगाऱ्यातून सगळ्यात जड अडॅप्टर उचलला. हेडली घोरायचा म्हणून डॉक्टरांनी झोपताना नाकावर लावायचं यंत्र दिलं होतं, त्याचा. वायर कापली, टोकं जोडली, प्लग भिंतीकडे नेला, आणि गारने तिचं मनगट धरलं.

"थांब. तो चोवीसचा आहे. डोळ्यासमोर फट्‌ म्हणेल आणि जाईल."

तिने तो खाली ठेवला. मग इंटरनेटच्या डब्याचा लावून बघितला. तो बाराचा होता, पण अंगात बळ नव्हतं. थंड बल्ब सुरुवातीला फार ओढतो. त्या ओढीने अडॅप्टर दम टाकायचा, पुन्हा धरायचा, पुन्हा टाकायचा. दिवा नुसते डोळे मिचकावत राहिला. शेवटी डल्सी उठली, शेडमध्ये गेली, आणि हेडली हॉकीचे सामने बघायचा त्या छोट्या टीव्हीचा अडॅप्टर घेऊन आली. बाराचाच, पण दणकट.

दिवा लागला. पांढरा, स्वच्छ. भर दुपारी टेबलावरच्या ब्रेडच्या कण्यांची सावली पडली.

डल्सी खुर्चीवर बसली. रडली नाही. दिव्याकडे बघत म्हणाली, "चालू होता. माझ्या माणसाचा दिवा चालू होता."

"डल्सी," गार हळूच म्हणाला, "बल्ब चांगला आहे. म्हणजे त्या दिवशी पेटलेला होता असं नाही होत."

"मग कसं होतं?"

गारने टेबलावरचा वायरींचा गुंता खणात भरला. त्या संध्याकाळी डल्सीने बटाटे उकडले, डुकराच्या चरबीचे तुकडे तळले, आणि बशी ब्रेडने पुसून खाल्ली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. गार समोर बसून ते बघत होता.

दुसऱ्या दिवशी तिने दिवा खिडकीत ठेवला, खाडीकडे तोंड करून.

खाडी अरुंद आहे. पलीकडे कुणी पडदा सरकवला तरी इकडे कळतं. ऊना आली ती पातेलं न घेता.

"हे काय लावलंयस खिडकीत?"

"हेडलीचा दिवा."

"कुठून आणलास?"

"समुद्राने दिला. बघ, चांगला आहे. काही झालेलं नाही त्याला."

ऊना कोट न काढताच उभी होती. "डल्सी, माझ्या पोराने त्या गारठ्यात उडी मारली होती हेडलीसाठी."

"मारली ना. आधी माणूस मारला, मग उडी मारली."

ऊनाने खुर्चीची पाठ धरली. "इतका हिवाळा मी तुझ्या दारात येत होते. हे होतं तुझ्या पोटात?"

"पोटात काही नव्हतं. उपाशीच होते मी."

"काढ तो दिवा."

"का? तुझं पोर म्हणालं दिवा नव्हता. जो नव्हताच, तो आता त्याच्या डोळ्यांत का खुपतो?"

ऊना गेली. दार उघडंच टाकून गेली. त्यानंतर दोघी चर्चमध्येही वेगवेगळ्या रांगांत बसायला लागल्या.

दिवा रोज संध्याकाळी लागायचा. आमच्याकडे गोष्ट पसरायला वारा लागत नाही. हेडलीचा दिवा सापडला, लागतो, डल्सीने लावून बघितला. एवढं पुरे होतं. अडॅप्टर, व्होल्ट, बल्ब चांगला असणं वेगळं आणि पेटलेला असणं वेगळं, असल्या बारकाव्यात कोण शिरतो? एखाद्या बाईने मेलेल्या नवऱ्याचा दिवा खिडकीत लावला की तो निकालच असतो.

ट्रेंटबरोबर बोटीवर जाणारा माणूस दुसऱ्या बोटीवर गेला. हॉलमध्ये पत्ते खेळताना ट्रेंट बसला की टेबल रिकामं व्हायचं. एकदा तो माझ्या दुकानात दूध घ्यायला आला. शेगडीपाशी म्हातारा सेल्बी बसला होता, त्याची जीभ विळ्यासारखी.

"जपून रे पोरा," सेल्बी म्हणाला. "समोर दार आहे. उगीच म्हणशील, दाराला दिवा नव्हता."

दुकानात सगळे हसले. ट्रेंट दूध न घेता गेला. दारातून जाताना त्याने खरंच एका हाताने चौकट चाचपली. ते मी पाहिलं. चाळिशीही न आलेला, आडव्या खांद्यांचा माणूस, लहानपणापासून समुद्रावर वाढलेला.

जूनमध्ये तो डल्सीकडे गेला. गार तिथेच चुलीसाठी लाकडं रचत होता. ट्रेंट टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला.

"मावशी, मला बसायला सांगू नकोस. एक विचारतो. तुला काय हवंय?"

"खरं हवंय."

"मी खरं सांगितलं होतं. मला काही दिसलं नाही."

"दिसलं नाही, हे खरं. नव्हता, हे खोटं. तू नव्हता म्हणालास."

ट्रेंट खिडकीकडे बघत राहिला. दिवा तेव्हा बंद होता, दिवस होता. "मी रोज त्या संध्याकाळी परत जातो, मावशी. रोज बघतो. आधी तिथे नुसतं धुकं असायचं. आता तुझी खिडकी बघून बघून मला कळेनासं झालंय. कधी वाटतं, काहीतरी पांढरं होतं. कधी वाटतं, नव्हतं. माझं मलाच सांगता येत नाही."

"तू कुठे बघत होतास?"

"पुढे."

"सारखा?"

"सारखा कोण बघतो, मावशी?"

"मग बोल ना तसं! सगळ्यांसमोर बोल. माझा माणूस मातीत आहे आणि वर लोक म्हणतात, त्याचंच चुकलं. तेवढं काढून घे. मला तुझा जीव नकोय."

"आणि मी बोललो की दिवा काढशील?"

"तेव्हाचं तेव्हा बघू," डल्सी म्हणाली.

गार लाकडं रचतच राहिला. एक ओंडका त्याच्या हातून पायावर पडला, तो उचलून त्याने पुन्हा रचला.

पेन्शनच्या दिवशी माझ्या दुकानात गर्दी असते. ट्रेंट आला, गल्ल्यापाशी उभा राहिला आणि न विचारता बोलायला लागला. "हेडलीकाकाचा दिवा चालू होता. मी बघितला नाही. मी थर्मासचं झाकण उघडत होतो, खाली बघत होतो. मान वर केली तेव्हा उशीर झाला होता. मी खोटं बोललो." त्याचा आवाज एकसारखा होता, पाठ केलेल्या प्रार्थनेसारखा. सेल्बीनेही मान खाली घातली. डल्सी तांदळाच्या पिशव्यांपाशी उभी होती. तिने डोळे मिटले, आणि तिचे खांदे इतके खाली आले की मला वाटलं, आता पडते.

एकदा असं बोललेलं हवेत राहत नाही. शहरातली माणसं पुन्हा आली. ट्रेंटने त्यांनाही तेच सांगितलं, थर्मासच्या झाकणासकट. खटला झाला. तुरुंग टळला, पण बोट चालवायचा परवाना गेला. बोट दुसऱ्या खाडीतल्या एकाने घेतली. आणि ट्रेंट, आमच्याकडची हरलेली माणसं जातात तिकडे, पार पश्चिमेला अल्बर्टात, तेलाच्या खाणीवर गेला.

डल्सीच्या अंगावर मांस आलं. ती चर्चच्या विक्रीला लाल बोरांचा मुरंबा करून द्यायला लागली. दिवा तिने काढला मात्र नाही. आता तो कुणाला दाखवायला नाही, मला सोबत म्हणून आहे, असं म्हणायची.

ऑक्टोबरात तिने हेडलीच्या थडग्यासाठी दगड सांगितला. नाव, साल, आणि खाली एक ओळ. ती ओळ तिने गारला वाचून दाखवली. संध्याकाळची वेळ होती, खिडकीत दिवा लागलेला होता.

"'दिवा लावून घरी येत होता.' कशी वाटते?"

गारने कप खाली ठेवला. "ते कोरू नकोस."

"का? लांब होते?"

"डल्सी, ते दगडावर कोरू नकोस. देवाच्या आवारात उभा राहणार आहे तो दगड."

"म्हणजे काय?"

गार बोलायला लागला तेव्हा त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "त्या शरदात होडीच्या तारा कुजल्या होत्या. मागचा दिवा लावला की पंपाचा फ्यूज उडायचा. होडीत पाणी झिरपत होतं, पंपाशिवाय चालणार नव्हतं. मी म्हटलं, नव्या तारा ओढू. तो म्हणाला, हंगाम संपू दे, आता दिवस घालवायला नको. माझ्यासमोर त्याने दिव्याची तार कापली आणि टोकाला चिकटपट्टी लावली. हसत होता. म्हणाला, पंप गेला तर नक्की बुडेन, दिवा गेला तर कदाचित."

डल्सीने ओळ लिहिलेला कागद खाली ठेवला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "चौकशी झाली तेव्हा?"

"हो."

"मी हा टेबलावर लावला तेव्हा?"

"हो. मी तुझा हात धरायला नको होता तेव्हा. चोवीसचा लागू द्यायचा होता. जळून गेला असता, संपलं असतं."

"मग धरलास का?"

"कळलं नाही. हात आपोआप गेला." गारने कप बाजूला सारला. "आणि मग तू जेवलीस. नोव्हेंबरपासून तू मरत होतीस माझ्या डोळ्यांसमोर. दिवा लागला आणि तू बशी पुसून खाल्लीस. मी काय बोलणार होतो? वाटलं, चार दिवस लावेल, काढून ठेवेल. मग ऊना, मग ट्रेंट... रोज वाटायचं, उद्या सांगू."

"तो इथे उभा होता, गार. इथे. टोपी हातात घेऊन. तू लाकडं रचत होतास."

"हो," गार म्हणाला.

डल्सीने भिंतीतून प्लग उपटला. अडॅप्टर इतका तापला होता की तिच्या तळहाताला चटका बसला. तिने तो हातातून सोडला नाही. तसाच धरून ती म्हणाली, "जा तू. घरी जा."

मग कोट न घालता ती खाडीला वळसा घालून ऊनाच्या घरी गेली. तिथलं मला ऊनाने सांगितलं. आमच्याकडे दार कुणी वाजवत नाही, माणसं सरळ आत शिरतात. दार वाजवतो तो पोलीस नाहीतर पाद्री. डल्सीने दार वाजवलं. ऊनाने उघडलं आणि काही न विचारता बाजूला झाली.

डल्सीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कापलेली तार, चिकटपट्टी, पंप. एकही शब्द गाळला नाही. वाटलं होतं, ऊना ओरडेल, अंगावर येईल. ऊना नुसती खुर्चीवर बसली.

"मार मला," डल्सी म्हणाली. "काहीतरी फेक."

"तू कोण लागतेस त्याची?" ऊना म्हणाली. "तू नाही विश्वास ठेवलास, ठीक. मी त्याची आई. तुझ्या खिडकीत दिवा लागला त्या आठवड्यात त्याने मला याच टेबलावर विचारलं, 'आई, तुला तरी खरं वाटतं ना?' आणि मी..." ती थांबली. "मी म्हटलं, 'बाळा, दिवा तर चालतोय. बोलून टाक, मोकळा हो.' मी पाठवलं त्याला तुझ्याकडे. त्याला जायचं नव्हतं."

चहा करायचं कुणालाच सुचलं नाही.

शेवटी ऊनाने फोन लावला. तिकडे ट्रेंटची पाळी नुकतीच संपली होती, मागे यंत्रांचा आवाज येत होता. ऊनाने फोन टेबलावर ठेवला, दोघींना ऐकू येईल असा, आणि डल्सीने त्याला पुन्हा सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुझं खरं होतं, पोरा. दिवा नव्हता. तू बघितलं असतंस तरी दिसला नसता."

ऊना फोनकडे वाकली.

"ट्रेंट?" ऊना म्हणाली.

"ऐकलं," तो म्हणाला. "पण मावशी, दिवा होता."

"नव्हता रे. तार कापलेली होती. गारने डोळ्यांनी पाहिलंय."

"असेल. मला मात्र दिसतो. मी मान वर करतो आणि तो समोर असतो, पांढरा, अगदी जवळ. थर्मासचं झाकण माझ्या हातात असतं, गरम. आधी ते मी बनवलं होतं, मला माहीत आहे. न्यायाधीशासमोर सांगेपर्यंत माहीत होतं. आता ते जात नाही. तू सांगतेस ते कळतं मला. पण मला जे आठवतं, ते हेच आहे."

"घरी ये," ऊना म्हणाली. "बाळा, घरी ये."

"बघू," तो म्हणाला. "जेवायला जातो आता. बस सुटेल."

पुढे डल्सी आणि गार शहरात गेले, वेगवेगळ्या गाड्यांनी, आणि जबाब दिले. तिथल्या माणसांनी ऐकून घेतलं. हिवाळ्यात निकाल फिरला, परवाना परत मिळाला, सगळं रीतसर झालं. ट्रेंट तो घ्यायला आला नाही. थडग्याच्या दगडावर डल्सीने नाव आणि साल एवढंच कोरलं. गारशी ती अजून बोलत नाही. तो तिच्या दारात लाकडं रचतो, डल्सी ती जाळते, आणि त्यापुढे दोघांमध्ये काही नाही.

पुढच्या वसंतात ऊनाने घर बंद केलं आणि अल्बर्टाला निघाली. पोरगा येत नाही तर मी जाते, म्हणाली. विमानतळापर्यंत जाणारी गाडी माझ्या दुकानासमोरून सुटते. डल्सी ऊनाची मोठी पिशवी घेऊन आली होती. ड्रायव्हरने सामान चढवलं. ऊना आत बसली, आणि मग काच खाली करून म्हणाली, "त्याला काय सांगू तुझ्याकडून?"

डल्सी गाडीच्या दाराला हात लावून उभी होती. तिने खूप विचार केला असेल, की नसेल, मला माहीत नाही.

"काही सांगू नकोस," ती म्हणाली. "नीट जेवतो का बघ."

ऊनाने मान डोलावली. गाडी चढाला लागली, आणि डल्सी आत माझ्याकडे येऊन मीठ घेऊन गेली.